२२ फुटी बोट किती पाण्यात?

दोन्ही बोटी २२ फुटी. दोन्हींत दहा माणसं बसतात. दोन्हींचं इंजिन २५० अश्वशक्तीचं. मग जी स्वस्त पडते ती घ्यावी आणि मोकळं व्हावं. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींत कुणी बोट घ्यायची म्हटली की हा सल्ला ठरलेला. देणारी माणसं अडाणी नसतात. घराचं कर्ज, मुलांच्या कॉलेजची फी, निवृत्तीची पुंजी, सगळं त्यांनी एक्सेलमध्ये मांडून तडीस नेलेलं असतं. बोटींचाही तक्ता तयार असतो: लांबी, आसनं, अश्वशक्ती, वॉरंटी, किंमत आणि अगदी उजवीकडे माणशी किंमत. ज्या बोटीचा हा शेवटचा आकडा लहान, ती पास.

हा तक्ता मला मान्य नाही. त्यातला हिशेब चोख असतो, पण बोट कुठल्या पाण्यात जाणार, हा रकानाच त्यात नसतो. तो नसला की बाकीचे रकाने कितीही काटेकोर भरा, उत्तर बरोबर आलंच तर योगायोगानं येईल. सारख्या आकाराच्या दोन बोटींतली निवड म्हणजे किरकोळ डावं-उजवं, असं ही मंडळी धरून चालतात. आकार सारखा असतो तेव्हाच ही निवड सगळ्यांत अवघड असते, कारण गोदीवर उभं राहून दिसणारे फरक तेव्हा संपलेले असतात आणि पाण्याखालचे तेवढे उरतात.

आधी लांबीचंच घेऊ, कारण सगळा तक्ता तिच्यावर उभा आहे. मागच्या बाजूला पोहणाऱ्यांसाठी जो ओटा असतो, तो काही कंपन्या लांबीत धरतात, काही धरत नाहीत. पुढे नांगरासाठी काढलेली चोच असेल तर तीही कुणी मोजतं, कुणी सोडून देतं. त्यामुळे माहितीपत्रकात सारख्याच २२ फुटी दिसणाऱ्या दोन बोटींच्या प्रत्यक्ष पाण्यात बसणाऱ्या अंगात फूट-दोन फुटांचा फरक सहज निघतो. रुंदी तर बोट बांधणाऱ्यानं ठरवलेलीच नसते. अमेरिकेत खास परवान्याशिवाय ट्रेलरवरून रस्त्यानं न्यायची तर वस्तू साडेआठ फुटांहून रुंद चालत नाही. म्हणून या वर्गातल्या बहुतेक बोटी साडेआठ फुटांवर येऊन थांबतात. त्यांच्यातलं साम्य हायवेच्या नियमातून आलेलं आहे, आणि त्यावरून त्या समुद्रात सारख्या वागतील असा निष्कर्ष आपण काढतो.

वजनाचा रकाना या तक्त्यांत क्वचित दिसतो, आणि दिसला तर तिथे माहितीपत्रकातलं कोरडं वजन उतरवून घेतलेलं असतं. कोरडं म्हणजे इंधनाशिवाय, पाण्याशिवाय, माणसांशिवाय. आउटबोर्ड बोटीच्या, म्हणजे इंजिन मागे बाहेर टांगलेल्या बोटीच्या, कोरड्या वजनात पुष्कळदा इंजिनही नसतं, आणि २५० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन साडेपाचशे पौंडांच्या घरात जातं. पेट्रोल गॅलनला सुमारे ६ पौंड. ६० गॅलनची टाकी भरली की ३६० पौंड वाढले. वर ट्रेलरचं वजन वेगळं. हे सगळं धरलं की २१-२२ फुटी बोट रस्त्यावर ५,००० पौंडांच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. आपल्याकडची लाडकी मिनीव्हॅन, होंडा ऑडिसी असो की टोयोटा सिएना, ओढते फार तर ३,५०० पौंड. म्हणजे ‘स्वस्त’ बोटीबरोबर नवा ट्रक घ्यावा लागणार आणि तो खर्च माणशी किमतीत धरलेला नसतो. हा मुद्दा इथेच सोडतो. ज्याला या निमित्तानं ट्रक घ्यायला मिळतो याचा आनंदच आहे, त्याच्याशी माझा वाद नाही.

खरा वाद तळाचा आहे. बोट मागून पाहिली तर मधल्या कण्यापासून तळ दोन्ही अंगांना वर चढत गेलेला दिसतो. आडव्या रेषेशी त्याचा जो कोन होतो, त्याला डेडराइज म्हणतात. कोन कमी असला की बोट पाण्यावर पसरून बसते, उभी असताना डुलत नाही, थोड्या ताकदीत पाण्यावर उचलली जाते आणि पेट्रोल कमी पिते. कोन वाढत जाऊन २०-२४ अंशांवर पोचला की तळ लाट कापत जातो, आपटत नाही. पण उभी असताना बोट जास्त झुलते आणि तिला उचलायला ताकद जास्त लागते. एकीकडे मिळतं ते दुसरीकडे मोजावं लागतं. दोन २२ फुटी बोटींमधला सगळ्यांत मोठा फरक हा आहे, आणि शोरूममध्ये बोट ट्रेलरवर चढवलेली असताना त्या कोनाकडे वाकून बघणारं गिऱ्हाईक मला विरळाच दिसलं आहे. सगळे वर चढून कप-होल्डर मोजत असतात.

या तळाचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण माझ्या बाजूनं बोलणारे लोकही तो अर्धाच सांगतात. १९५८ साली न्यूपोर्टला अमेरिकाज कपच्या शर्यती चालू असताना रिचर्ड बर्ट्रम या मायामीच्या बोट-दलालानं ‘ईस्टर्नर’ या शिडाच्या नौकेबरोबर फिरणारी एक छोटी मोटरबोट पाहिली. उधळलेल्या पाण्यात बाकीच्या मोटरबोटी आपटत, थांबत चालल्या होत्या. ही मात्र सरळ लाटा चिरत जात होती. तिचा तळ रेमंड हंट या मॅसॅच्युसेट्सच्या आरेखकानं आखलेला होता. बर्ट्रमनं त्याच धर्तीची ३० फुटी ‘मॉपी’ बांधून घेतली आणि १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत उतरवली. त्या दिवशी समुद्र वाईट होता. ‘मॉपी’ आठेक तासांत पोचली. दुसरी आली जिम विनची बोट, तीही हंटच्याच आराखड्याची. बाकीच्या बोटी दुसऱ्या दिवशी उगवल्या. खोल व्ही-आकाराच्या तळाची कीर्ती त्या एका शर्यतीनं झाली, आणि तेव्हापासून ‘डीप व्ही घ्या, बाकी सगळं खोटं’ म्हणणारा एक पंथ तयार झाला.

या पंथाला एक गोष्ट आठवत नाही. त्याच सुमारास त्याच हंटनं बोट बांधणाऱ्या डिक फिशरसाठी १३ फुटी बॉस्टन व्हेलर आखली, जी १९५८ मध्ये बाजारात आली. तिचा तळ ‘मॉपी’च्या जवळजवळ उलटा: रुंद, उथळ, तीन कण्यांचा. काठावर मोठा माणूस उभा राहिला तरी कलंडायचं नाव नाही. आखूड लाटांत ती हाडं खिळखिळी करते, हे तिचे भक्तही मान्य करतात. एकाच माणसानं दोन-तीन वर्षांच्या अंतरात इतके वेगळे तळ काढले, कारण एक बोट बाहामाच्या समुद्राला जाणार होती आणि दुसरी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासे धरायला. हंटला जर कुणी विचारलं असतं की या दोनांतली चांगली कोणती, तर त्यानं आधी कुठे जाणार ते विचारलं असतं, अशी माझी खात्री आहे.

म्हणून आता पाण्याकडे येऊ. न्यू जर्सीत आपल्या लोकांच्या बोटी प्रामुख्यानं दोन ठिकाणी दिसतात: उत्तरेला हपॅटकाँग तलाव आणि किनाऱ्याला बार्नेगट बे.

हपॅटकाँग हा राज्यातला सगळ्यांत मोठा तलाव असला तरी सारा पसारा चारेक चौरस मैलांचा. वाऱ्याला धाव घ्यायला जागाच नाही, त्यामुळे लाट उठत नाही. (जुलैतल्या रविवारी दुपारी बोटींच्याच उसळीनं तिथे इतकं पाणी हिंदकळतं की वाऱ्याची गरज उरत नाही, हे खरं, पण ती लाट दहा मिनिटांत एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात शिरून टाळता येते.) पाणी गोडं. मुलांना पाण्यात उड्या मारायच्या असतात, ट्यूबवर बसून ओढून घ्यायचं असतं, मोठ्यांना नांगर टाकून डबे उघडायचे असतात. इथे बाउरायडर, म्हणजे पुढच्या नाळेतही बसायला जागा असलेली, खुली, बुटकी बोट, अगदी योग्य. मध्यम कोनाचा तळ, मागे मोकळा रुंद ओटा, पाण्यातून चढायला सोपी. या तलावासाठी कुणी भरसमुद्राच्या ऐटीची डीप व्ही घेऊन आला, तर तो नांगरावर उगाच डुलणाऱ्या बोटीसाठी आणि जास्तीच्या पेट्रोलसाठी पैसे मोजतो आहे. डीप व्ही पंथाचं ऐकून असं करणारे आहेत.

बार्नेगट बे हे वेगळं प्रकरण. लाँग बीच आयलंड आणि आयलंड बीच या वाळूच्या दोन अरुंद पट्ट्यांच्या आड पहुडलेली चाळीसेक मैल लांब खाडी, आणि सरासरी खोली जेमतेम ५ फूट. सकाळी आरसा. उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेचा वारा उठतो, त्याला लांबच लांब मोकळं पाणी मिळतं, आणि तळ जवळ असल्यानं लाटा उंच होण्याऐवजी आखूड आणि उभ्या होतात, एकीतून निघेपर्यंत दुसरी हजर. दोन फुटांची लाट कागदावर काही वाटत नाही. त्या लाटेत वाऱ्याच्या तोंडावर परतताना पसरट तळाच्या बोटीच्या नाळेत बसणं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसणं. आणि त्या नाळेतच तर मुलांना बसायचं असतं.

इथे अश्वशक्तीचा रकाना खोटा पडतो. २५० अश्वशक्तीनं शांत पाण्यात दोन्ही बोटी ताशी ४५-५० मैल पळतील. दुपारच्या बार्नेगटमध्ये दोन्हींना ताशी १५-१८ मैलांवर यावं लागतं. त्या वेगाला कोणती बोट पाण्यावर उचललेली राहते, कोणती नाक वर करून शेपूट बुडवून रखडते आणि कोणती आपटते, हे विचारायचं. तळाचा कोन, वजन, ते वजन कुठे ठेवलं आहे आणि मागे ट्रिम टॅब (बोटीचा कल बदलणाऱ्या पट्ट्या) आहेत की नाहीत, यांवर ते ठरतं. ताकद अजिबात बिनमहत्त्वाची नाही. दहा माणसं आणि भरलेली टाकी घेऊन उचलता न येणारी जड डीप व्ही हीसुद्धा चुकीचीच खरेदी. पण ताकद भाराच्या प्रमाणात मोजायची असते, शेजाऱ्याच्या बोटीच्या प्रमाणात नव्हे.

आणखी एक फरक पाणी आत आल्यावर कळतो. खाऱ्या पाण्यासाठी बांधलेल्या ड्युअल कन्सोल (दोन्ही बाजूंना कन्सोल, मधून पुढे जायची वाट) किंवा सेंटर कन्सोल (मधोमध एकच कन्सोल) बोटींत पाय टेकायचा डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलेला असतो आणि आलेलं पाणी भोकांतून आपोआप बाहेर जातं. बऱ्याच बाउरायडरमध्ये तेच पाणी खाली बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, उतरतं आणि पंपाच्या भरवशावर राहतं. पंप बॅटरीच्या भरवशावर. इंजिन बंद पडलं, बोट आडवी झाली आणि लाटा आत येऊ लागल्या की या दोन बोटी २२ फुटी आहेत एवढंच साम्य उरतं.

‘पण सरकारनं बोटी पास केल्याच असतील ना?’ असा एक प्रश्न येतो. सरकारनं काय पास केलं ते नीट पाहू. बोटीत किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी लावणं आणि बोट पाण्यानं भरली तरी तरंगत राहील एवढा फोम भरणं, या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या संघीय नियमांत २० फुटांखालच्या मोटरबोटींना बंधनकारक आहेत. तिथेही आउटबोर्ड बोट पाण्यानं भरली तरी सपाट, माणसांसकट तरंगली पाहिजे अशी अट आहे. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत असलेल्या, बोटीला नुसतं तरंगणं पुरतं. २० फूट ओलांडले की दोन्ही अटी संपतात. म्हणजे आपल्या तक्त्यातल्या २२ फुटी बोटींपैकी एक भरपूर फोम घेऊन येऊ शकते आणि दुसरी अजिबात नाही, आणि दोन्ही कायदेशीर. बॉस्टन व्हेलर आपल्या सगळ्याच बोटींत फोम भरते. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकातल्या जाहिरातीत डिक फिशर बोटीत बसलेला असताना ती मधोमध करवतीनं कापली गेली आणि अर्धी बोट घेऊन तो निघून गेला, ती जाहिरात याच गोष्टीची. अर्थात बोट तरंगते म्हणून त्यातलं मूल तरंगतं असं नाही; लाइफ जॅकेटला पर्याय कुठल्याच कंपनीच्या फोमनं दिलेला नाही. न्यू जर्सीत चालत्या बोटीवर १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते घालावंच लागतं. १२ वर्षांवरच्यांना लाज वाटते, हा वेगळा विषय.

याच संदर्भात एक आकडा फार चुकीचा वापरला जातो. अमेरिकी कोस्ट गार्डच्या वार्षिक अहवालांत, बोटीची लांबी माहीत असलेल्या प्रकरणांत, बुडालेल्या दर दहांपैकी आठ जण २१ फुटांपेक्षा लहान बोटींवर होते, असं येतं. त्यावरून ‘२२ फूट घेतली की आपण सुरक्षित गटात’ असा अर्थ काढणारे भेटतात. त्या छोट्या बोटींत कयाक आहेत, कनू आहेत, तळ्यावर मासे पकडायच्या पत्र्याच्या होड्या आहेत. देशात संख्येनंही त्याच जास्त. एक फूट जास्त घेतल्यानं माणूस एका गटातून दुसऱ्या गटात उडी मारत नाही. त्याच अहवालांत सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टी मात्र तक्त्यात कुणी घेत नाही: बोटींवरच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश बुडून होतात आणि बुडालेल्यांपैकी बहुतेकांनी लाइफ जॅकेट घातलेलं नसतं.

आता इंजिनाकडे. सारख्या आकाराच्या बोटींत घरखर्चाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो. मघा जिम विनचं नाव आलं. बोटीच्या आत इंजिन आणि मागच्या फळीतून बाहेर वळणारा प्रोपेलरचा पाय, ही स्टर्नड्राइव्हची कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत तो होता. व्हॉल्व्हो पेंटानं १९५९ मध्ये ती ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावानं बाजारात आणली, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं अमेरिकेतल्या कौटुंबिक बोटींवर तिचंच राज्य राहिलं. कारण उघड होतं: इंजिन झाकलेलं, त्यावर उन्हात पडायची गादी, मागे अडथळ्याविना ओटा. तलावावर आजही मला हीच मांडणी आवडते.

खाऱ्या पाण्यात नाही आवडत. स्टर्नड्राइव्हचा पाय पूर्ण वर उचलला तरी त्याचा काही भाग पाण्यातच राहतो. आउटबोर्ड सबंध बाहेर येतं. आत थंड करायला समुद्राचंच पाणी फिरत असेल तर एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि रायझर आतून खात जातात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. मागच्या फळीतून पाय जिथे बाहेर पडतो तिथे रबरी बेलो असतात. ते फाटले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडते. आउटबोर्डला फळीत असं भोकच नाही. शिवाय बंदिस्त जागेत पेट्रोलचं इंजिन म्हणजे वाफ साठणार. म्हणून अशा बोटींत ब्लोअर असतो आणि सुरू करण्याआधी तो चार मिनिटं चालवायचा असतो. मुलं ‘चला ना’ म्हणून नाचत असताना चार मिनिटं किती जण थांबतात, हे कुठल्याही धक्क्यावर उभं राहून पाहावं. इंजिन चालू असताना मागच्या ओट्यावर मुलांना बसवणं तर दोन्ही प्रकारांत गुन्हा समजावा: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॅलिफोर्नियानं २००५ पासून चालत्या बोटीच्या ओट्याला धरून पाण्यात लोंबकळण्यावर बंदी घातली ती उगाच नाही.

आणि हिवाळा. आउटबोर्ड उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप गळून जातं. स्टर्नड्राइव्हचं इंजिन रीतसर रिकामं करून अँटिफ्रीझ भरून ठेवावं लागतं. एका वर्षी कुणी आळस केला आणि जानेवारीत पारा घसरला, की इंजिनाच्या ब्लॉकला तडा. हपॅटकाँगवरचा मालकही यातून सुटत नाही. ज्याला हे स्वतः करायचं नाही, त्यानं दर शरदात द्यायचे पैसे तक्त्यात आजच लिहावेत. तळ्यावर मी तरीही स्टर्नड्राइव्ह घेईन आणि ते पैसे भरीन. बार्नेगटवर घेणार नाही, फुकट दिली तरी.

वॉरंटी आणि रीसेल या आपल्या दोन आवडत्या शब्दांवर फार वेळ घालवत नाही. एव्हिनरूड हे आउटबोर्डमधलं जुनं, मोठं नाव. २०२० मध्ये त्याच्या मालक कंपनीनं ती इंजिनं बनवणं बंद केलं. तेव्हा कागदावरच्या वॉरंटीपेक्षा अर्ध्या तासावरचा मेकॅनिक महत्त्वाचा. ब्रँडनिष्ठांसाठी एक गंमत: सी रे आणि बॉस्टन व्हेलर या दोन नावांच्या भक्तांमध्ये धक्क्याधक्क्यावर वाद रंगतात, दोन्ही कंपन्यांची मालकी एकाच ब्रन्सविककडे आहे, आणि मर्क्युरी इंजिनांचीही. एकाच मालकानं दोन वेगळ्या बोटी चालू ठेवल्या आहेत, यावरूनच कळावं की त्या एकमेकींच्या जागी घ्यायच्या नाहीत.

आसनांबद्दल मात्र भांडायलाच हवं, कारण माणशी किंमत तिथून निघते. दहा आसनं म्हणजे दहा माणसं गादीवर टेकू शकतात, एवढंच. आपल्या घरांत दहा माणसं कोण असतात? उन्हाळ्यात पुण्याहून-नाशिकहून आलेले आई-वडील, गुडघे दुखणारी एखादी मावशी, दोन-तीन मुलं आणि शेजारचं एक कुटुंब. आई-वडील धक्क्यावरून बोटीत उतरणार कसे? ओहोटीला बोट खाली गेलेली असते. बाजूनं दार असलेली ड्युअल कन्सोल आणि काठावरून उडी मारून चढायची बाउरायडर, या दोन बोटी सत्तरीतल्या बाईंच्या दृष्टीनं सारख्या नाहीत. दुसरं, शौचालय. बऱ्याच ड्युअल कन्सोलमध्ये कन्सोलच्या पोटात दार लावून बसता येईल अशी छोटी सोय असते. ती नसेल तर दोन तासांत सगळ्यांना परत यावं लागतं, आणि न बोलता पाणी पिणं बंद करणाऱ्या बायका भर उन्हात डोकं धरून बसतात. माणशी किंमत काढणाऱ्यांनी हे घरात विचारलेलं नसतं. विचारलं असतं तर तक्ता पहिल्याच दिवशी बदलला असता. दहा आसनांच्या बोटीत सहा जण सुखानं गेले तर बोट सहाची. तिची किंमत सहांनी भागा.

यावर शेवटचा बचाव असा येतो: ट्रेलर आहे, आज तळं, उद्या खाडी, मग दोन्हीकडे चालेल अशी एकच घेतो. दोन्हीकडे चालेल अशी बोट विकायला पुष्कळ जण बसले आहेत. माझं मत असं, की वर्षातले बहुतेक दिवस जिथे जाणार तिथल्या पाण्याची बोट घ्यावी आणि उरलेल्या दिवसांसाठी तिथली बोट भाड्यानं घ्यावी. एक गोष्ट मात्र मताची नाही. बार्नेगट इनलेट, म्हणजे खाडी जिथे अटलांटिकला मिळते ते तोंड, तिथे बाहेर जाणारी ओहोटी आणि समोरून वारा अशी गाठ पडली की पाणी उभं राहतं. १८५९ पासून तिथे दीपगृह उभं आहे ते पर्यटकांच्या फोटोंसाठी बांधलेलं नाही. नाळ उघडी असलेली बाउरायडर घेऊन कुटुंबासकट त्यातून बाहेर पडू नये. ड्युअल कन्सोल घेतली म्हणजे कधीही पडता येतं असंही नाही. तिथे बोटीपेक्षा वेळ बघावी लागते. मुंबईहून मांडव्याला स्वतःची बोट घेऊन जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद राहतात, त्या लाँच २२ फुटी नसतात.

तर निवाडा हा: तलावावर राहणाऱ्यानं मध्यम तळाची स्टर्नड्राइव्ह बाउरायडर घ्यावी, हिवाळ्याचा खर्च धरून. खाडीवर राहणाऱ्यानं आउटबोर्डची, पाणी स्वतः बाहेर टाकणारी, जास्त कोनाच्या तळाची ड्युअल कन्सोल घ्यावी, भले त्याच पैशात चार आसनं कमी मिळोत. जुनी घेत असाल तर स्वतंत्र सर्व्हेयरकडून तपासून घ्या. फोमची बोट असेल तर फोममध्ये पाणी मुरलेलं नाही ना, हे आवर्जून बघायला सांगा. आणि पैसे देण्याआधी ट्रायल घ्या. सकाळच्या आरशात विक्रेत्याबरोबर दोघंच जाऊ नका. शनिवारी दुपारी, वारा असताना, तुमच्या पाण्यावर, टाकी भरून आणि घरातली सगळी माणसं बसवून जा. ताशी १५ मैलांवर, वाऱ्याच्या तोंडावर, आईला नाळेच्या बाजूला बसवून बघा. मग इंजिन बंद करून दहा मिनिटं आडव्या लाटेत तसेच थांबा. ज्या विक्रेत्याला हे चालत नाही, त्याच्याकडून बोट घेऊ नका.